बेंबीची घाई, जांघेची दिरंगाई

तान्ह्या बाळाच्या अंगाची सगळ्यांत बारकाईनं पाहणी कोण करतं? डॉक्टर नव्हे, आणि खरं सांगायचं तर आईसुद्धा नव्हे. ती करते रोज सकाळी येऊन बाळाला पायांवर घेणारी, तेल चोळून न्हाऊ घालणारी बाई. वळ्यावळ्यांतून तिची बोटं फिरतात. कुठे पुरळ आहे, कुठे गाठ आहे, कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे, हे तिच्या हाताला आधी कळतं. लहान मुलांच्या हर्नियाचं पहिलं निदान कितीतरी घरांत न्हाणीघरात होतं ते त्यामुळेच. पुढे त्या निदानाचं काय होतं, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या इमारतीतल्या एका घरातली गोष्ट. मुलगा चार महिन्यांचा. न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी आजींना सांगितलं, ‘उजव्या जांघेत काहीतरी येतंय. रडला की दिसतं, निजला की जातं.’ आजींनी ऐकून घेतलं आणि गिळून टाकलं. सुनेला सांगितलं नाही, मुलालाही नाही. मुलगा आहे, जागा ही अशी, उद्या चार लोकांत बोभाटा झाला तर? मोठा झाला की जिरेल आपोआप. तीन आठवड्यांनी एका रात्री बाळ रडायला लागलं ते थांबेचना. जांघेतली गाठ सुपारीसारखी कडक झाली होती, हात लावू देत नव्हतं, आणि पहाटे हिरवी उलटी झाली. आतडं अडकलं होतं. रुग्णालयात डॉक्टरांनी बाळाला शांत करून ते हलक्या हातानं आत सरकवलं, सूज उतरल्यावर दोन दिवसांनी शस्त्रक्रिया केली. मुलगा आज ठणठणीत आहे. आणखी काही तास गेले असते तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असता, वृषणालाही धोका होता.

मला अस्वस्थ केलं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीनं. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या सुनेला ऐकावं लागलं, ‘तू त्याला फार रडू देतेस, म्हणून हे झालं.’

रडण्यानं हर्निया होत नाही. रडताना पोटात दाब वाढतो आणि आधीपासून असलेली वाट दिसू लागते, इतकंच. ही वाट बाळ पोटात असतानाची असते. मुलाची वृषणं आधी पोटात, मूत्रपिंडांच्या खाली तयार होतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेच्या बोगद्यातून खाली उतरू लागतात. उतरताना पोटाच्या अस्तराची एक पिशवी बरोबर ओढून नेतात. जन्माच्या आगेमागे या पिशवीचं तोंड बंद व्हायचं असतं. ते उघडं राहिलं आणि भोक बारीक असलं तर पोटातलं पाणी खाली झिरपतं. याला आपण हायड्रोसील म्हणतो. भोक मोठं असलं तर आतडं उतरतं, तोच हर्निया, जुन्या माणसांचा अंतर्गळ. उजवं वृषण डाव्यापेक्षा उशिरा उतरतं, म्हणून हा त्रास उजव्या बाजूला जास्त. दिवस पुरे न होता जन्मलेल्या बाळांत तर फारच जास्त. यात आईचं रडू देणं, दुपटं घट्ट बांधणं, डोहाळ्यांत काय खाल्लं, यांचा काडीचाही संबंध नाही.

मुलींनाही हर्निया होतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी, पण मुलीच्या जांघेत बदामाएवढी गाठ लागली तर आत बीजकोश उतरलेला असू शकतो. तो दुखत नाही म्हणून बसून राहायचं नसतं, कारण त्याला पीळ पडू शकतो. मुलीच्या बाबतीत तर लपवाछपवी आणखी. लग्नाची काळजी तिच्या पाळण्यापाशीच येऊन बसलेली असते.

आता याच घरांतली दुसरी तऱ्हा पाहा. बाळाची बेंबी फुगून बाहेर आली की सगळं घर हवालदिल. तिथे लाज नाही, बेंबी चारचौघांत दाखवता येते. मग कुणी रुपयाचं नाणं कापसात गुंडाळून बेंबीवर बांधतं, कुणी चिकटपट्टी लावतं, कुणी दुकानातून पट्टा आणतं, आणि एखादा बाप डॉक्टरांना म्हणतो, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करून टाका. वास्तविक नाळ पडल्यावर स्नायूंमध्ये राहिलेलं ते छोटं भोक बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांचं होईतो आपोआप बुजतं. त्यात आतडं अडकणं अगदी विरळा. नाण्यानं ते लवकर बुजत नाही; नाण्याखाली घाम साचतो, कातडी सोलवटते, कधी पू होतो. आणि पट्टी सुटली की रांगत्या बाळाच्या हाताला पहिलं लागतं ते नाणंच. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्यांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याच्या ‘डंबा’ प्रथेच्या बातम्या वाचून आपण शहरातली माणसं हळहळतो. नाणं बांधणं त्या मानानं निरुपद्रवी खरं, पण डॉक्टरांकडे नेण्याआधी आपल्या हातानं काहीतरी करून पाहायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

म्हणजे जिथे थांबायला हवं तिथे आपण धावतो आणि जिथे धावायला हवं तिथे थांबतो. बेंबी थांबू शकते. हायड्रोसीलही बहुधा वर्ष-दोन वर्षं थांबू शकतं. वृषण खाली उतरलेलंच नसेल तर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांना दाखवावं. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होणं चांगलं. जांघेतला हर्निया मात्र आपोआप बरा होत नाही, कुठल्याही वयात नाही. आणि आतडं अडकण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो पहिल्याच वर्षात, म्हणजे आपण ‘अजून लहान आहे’ म्हणतो त्याच काळात. फक्त अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेब वेगळा. त्यांच्यात थोडं थांबलेलं बरं, असं अमेरिकेतल्या एका चाचणीत २०२४ साली दिसलं. पण ते थांबणंही डॉक्टरांच्या नजरेखालचं असतं, आजीच्या मौनातलं नव्हे.

भूल देण्याची भीती मी समजू शकते. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हटलं की कुणाच्याही पोटात गोळा येतो. या भीतीचा नीट तपास झालेला आहे, आणि योगायोग असा की तो हर्नियाच्याच बाळांवर झाला. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागं ठेवून फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीची मापं घेतली. तासाभराहून कमी भुलीनं काही फरक पडला नव्हता. हे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. भूलतज्ज्ञ लहान मुलांच्या कामात मुरलेला असावा, एवढा आग्रह मात्र प्रत्येकानं धरावा.

ऑपरेशनही मोठ्यांसारखं नसतं. जाळी बसवायची नसते. जांघेच्या वळीत छोटा छेद घेऊन पिशवी शोधायची आणि तिचं तोंड बांधून टाकायचं. पुरे दिवस भरलेलं, बाकी निरोगी बाळ बहुधा त्याच संध्याकाळी घरी येतं. हे काही आजचं नवल नाही. ग्लासगोचे जेम्स निकोल हे शल्यचिकित्सक एकोणिसावं शतक संपताना अशी शस्त्रक्रिया झालेली बाळं आईबरोबर घरी पाठवत होते. आईच्या कुशीइतकी चांगली देखभाल वॉर्डात होत नाही, असं त्यांचं मत. १९०९ साली त्यांनी दहा वर्षांतल्या जवळजवळ नऊ हजार बालशस्त्रक्रियांचा हिशेब मांडला होता.

खेड्यापाड्यांत हे सारं मिळतं का? निम्मंशिम्मं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात, सापडलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात. चांगली योजना आहे. पण भरल्या वर्गात मुलाची जांघ कोण तपासणार? तिथे डोळे, दात, वजन बघून होतं. पथकानं त्या दिवशी आयांना बोलवावं आणि बाजूला घेऊन सरळ विचारावं, ‘रडताना, खोकताना कुठे फुगतं का?’ या प्रश्नाला खर्च काही नाही. शिवाय लहान मुलांचे शल्यचिकित्सक मोठ्या शहरांत एकवटलेले. रोजावर जाणाऱ्या आईचे चार दिवस बुडतात, त्याची भरपाई कोण देणार, याचाही विचार व्हायला हवा.

घरच्यांनी करायचं थोडं आहे. गाठ नेमकी डॉक्टरांसमोर गायब होते. तेव्हा दिसेल त्या क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टर त्याला हसत नाहीत, उलट मागून घेतात. गाठ कडक झाली, आत जाईना, बाळ कळवळतंय, उलट्या होताहेत, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणि ऑपरेशनच्या दिवशी आजीनं ‘उपाशी लेकरू’ म्हणून गुपचूप दूध पाजायचं नाही! आईचं दूध बहुधा चार तास आधी थांबवतात, वरचं दूध आणि खाणं सहा तास. भुलीत पोटातलं दूध उलटून श्वासनळीत जाऊ शकतं.

आमच्या इमारतीतल्या त्या बाई अजून घरोघरी न्हाऊ घालायला जातात. परवा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ‘आता काही दिसलं की मी थोरल्या बाईंना सांगतच नाही. बाळाच्या आईला आत बोलावते आणि तिचंच बोट त्या जागेवर ठेवते.’