खांबावर चढता येत नाही, म्हणून वीजतंत्री होता येत नाही?

आयटीआयच्या प्रवेशाचा हंगाम आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यावस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. पोराला कोणता ट्रेड घ्यायचा? उत्तर बहुतेक ठरलेले असते : इलेक्ट्रिशियन. रांजणगावची एमआयडीसी जवळ, कुरकुंभची जवळ, दौंडचे रेल्वे जंक्शन जवळ. आणि यातले काहीच जमले नाही तर शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी आहेतच. पण हाच प्रश्न जन्मतः पाय अधू असलेल्या किंवा कडबाकुट्टीत बोटे गेलेल्या पोराने विचारला की उत्तर बदलते. "तुला कशाला विजेशी खेळ? बसून करायचे काहीतरी बघ." असे सांगणारे वैरी नसतात. आईबाप असतात, गुरुजी असतात, कधी कधी आपल्या चळवळीचे कार्यकर्तेही असतात. आम्हाला आज या आपल्याच सल्ल्याबद्दल बोलायचे आहे.

'बसून करायचे काम' म्हणजे काय, हे आपण एकदा पाहिले आहे. एके काळी अपंगांना एसटीडी-पीसीओचे बूथ मिळाले. घरोघरी मोबाईल आला आणि बूथ बंद पडले. ज्याच्या हाती दुसरे कसब नव्हते तो पुन्हा उंबऱ्यात येऊन बसला. खैरात म्हणून मिळालेली खुर्ची कधीही जाऊ शकते. हातात आलेली विद्या कोणी काढून घेऊ शकत नाही.

वीजतंत्री म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर खांबावर चढलेला वायरमन उभा राहतो. पण हा धंदा म्हणजे काही एक काम नव्हे. जळालेली मोटार रिवायंडिंग करणे हे बाकावर बसून करायचे काम आहे. स्टार्टर दुरुस्ती, पॅनेल बोर्डाचे वायरिंग, मीटरची तपासणी, सर्किटचे सोल्डरिंग यातल्या कशालाही शिडी लागत नाही. ऊस पिकवणाऱ्या या दोन तालुक्यांत उन्हाळ्यात मोटार जळाली की शेतकऱ्याला रात्र रात्र झोप नसते. अशा वेळी त्याला चांगला कारागीर हवा असतो. कारागिराचा पाय सरळ आहे की वाकडा, हे तो विचारत नाही.

आम्ही धोका नाकारत नाही. ज्याचा तोल जातो त्याने उंचावर जाऊ नये. ज्याच्या हाताची पकड कमी आहे त्याला शिकंजा आणि वेगळ्या मुठीची हत्यारे हवीत. ज्याला ऐकू येत नाही त्याला भोंग्याऐवजी दिव्याची खूण हवी. ज्याला लाल-हिरवा ओळखत नाही त्याने तारेच्या रंगावर विसंबू नये, तारेला नंबरचे फेरूल लावावे आणि मीटरने खात्री करावी. आणि पुरवठा बंद करा, दाब नाही हे तपासा, अर्थिंग करा, मगच हात लावा, हा नियम धडधाकट माणसालाही तितकाच लागू आहे. विजेला कोणाचे शरीर कसे आहे हे कळत नाही. ती फक्त चूक ओळखते.

कायदा काय म्हणतो? अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. पण त्याहून मोलाची तरतूद म्हणजे 'वाजवी सोय'. म्हणजे माणसाला कामाबाहेर काढण्याआधी कामाची मांडणी बदलून पाहा. २० किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते आणि अपंगांसाठी योग्य पदांची यादी त्यात द्यावी लागते. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या केंद्रीय अभ्यासक्रमातसुद्धा हातापायांचे अपंगत्व आणि कर्णबधिरत्व असलेल्यांना पात्र धरलेले आहे. म्हणजे दार कागदावर उघडे आहे, ते बंद आहे आपल्या मनात.

दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावेत. तामिळनाडूच्या वीज कंपनीने सहायक अभियंता (विद्युत) पदावरील एका उमेदवाराला रंगांधळेपणाचे कारण देऊन नाकारले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला त्याला त्याच पदावर घेऊन योग्य विभागात काम द्यायला सांगितले. रंगांधळेपणा कायद्याच्या आरक्षणाच्या यादीत बसत नव्हता, तरीही. दुसरा निकाल ऑक्टोबर २०२४ चा. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात न्या. भूषण गवई यांच्या पीठाने सांगितले की केवळ टक्केवारी पाहून उमेदवार अपात्र ठरत नाही, त्याला तो अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का, हे मंडळाने तपासले पाहिजे. जो न्याय डॉक्टरीला लागू, तो आयटीआयच्या वर्कशॉपला का लागू नसावा?

हा विषय आंबेडकरी चळवळीचा आहे का, असे कोणी विचारील. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, तर अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के होते. अंगमेहनतीचे धोके ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांच्याच घरात अपंगत्वही जास्त. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. वीज धोरण आणि तांत्रिक प्रशिक्षण हे दोन्ही विषय त्यांच्याच खात्यात होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. वीज आणि तंत्रविद्या कष्टकऱ्याच्या हाती यावी हा विचार आपल्या घरचाच आहे.

आता सरकारने 'दिव्यांग' हा शब्द दिला आहे. गोड नावाचा अनुभव आपल्याला नवा नाही. 'हरिजन' म्हणून देवाचे केले आणि विहीर बंदच ठेवली. आम्हाला नाव नको, वर्कशॉपमध्ये बाक पाहिजे.

मग करायचे काय? प्रवेशाच्या वेळी पोरासोबत कार्यकर्त्याने जावे, यूडीआयडी कार्ड आणि ट्रेडचा अभ्यासक्रम सोबत न्यावा. नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि घेऊन थेट पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात जावे. रांजणगावला २०२२ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर केला. तिथल्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांकडे समान संधीचे धोरण मागणारी पत्रे आपल्या संघटनांनी द्यावीत.

आणि सुरुवात आपल्या दारापासून करावी. १४ एप्रिलला गावोगाव रोषणाई होते, त्याचे कंत्राट आपणच देतो. खांबावर माळा कोणीही चढवील. पण खाली बोर्डाजवळ बसून जोडणी करणारा, तपासणारा, स्विच देणारा कारागीर आपल्या वस्तीतला तो पोरगा का असू नये? त्याला सहानुभूती नको, दिवसाची मजुरी पाहिजे. या जयंतीला एवढे तरी करून दाखवू या.