निनावी नकाराधिकार

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा सुरक्षा परिषदेतील भारताच्या कायम सदस्यत्वापाशी येऊन थांबते. मागणी न्याय्यच आहे. १९४५ साली ५१ सदस्य असलेल्या या संघटनेत आज १९३ राष्ट्रे आहेत. परिषदेचा विस्तार मात्र एकदाच, १९६५ मध्ये, अकरावरून पंधरापर्यंत झाला आणि तोही केवळ अस्थायी जागांचा. शिवाय सनदेच्या १०८व्या कलमानुसार कोणतीही दुरुस्ती पाचही कायम सदस्यांच्या मान्यतेवाचून अमलात येत नाही. किल्ली ज्यांच्या कनवटीला, त्यांनीच कुलूप काढायचे! तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय?

परिषदेतील नकाराधिकार निदान जगाला दिसतो. दहशतवाद्यांवर निर्बंध लादणाऱ्या १२६७ समितीचा कारभार मात्र बंद दाराआड चालतो. तेथे पंधराही सदस्यांचे एकमत लागते. कोणीही एक सदस्य प्रस्ताव महिनोन्महिने स्थगित ठेवू शकतो आणि त्याचे कारण जगापुढे मांडण्याचे बंधन त्याच्यावर नाही. जैश-ए-महंमद ही संघटना २००१ पासून या समितीच्या यादीत आहे. तिचा संस्थापक मसूद अझहर मात्र यादीत आला तो १ मे २०१९ रोजी. मधल्या काळात पठाणकोट झाले, पुलवामा झाले आणि चीन आडवा येत राहिला. संघटना दहशतवादी, पण तिचा जन्मदाता नव्हे, हे कुठले तर्कशास्त्र?

ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेची दहशतवादविरोधी समिती भारताच्या अध्यक्षतेखाली मुंबईत, २६/११चा हल्ला झेललेल्या ताजमहाल हॉटेलातच भरली होती. पुढे आठच महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, त्याच हल्ल्याच्या कटातील साजिद मीरविरुद्धचा भारत-अमेरिकेचा प्रस्ताव चीनने अडवला.

समितीचे नियमही एकमतानेच ठरतात, तेव्हा तेथून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. मार्ग आमसभेतून जातो. लिश्टेनस्टाइनसारख्या चिमुकल्या राष्ट्राच्या पुढाकाराने एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने ठराव केला की, परिषदेत नकाराधिकार वापरला गेल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हावी. (भारताने तेव्हा या ठरावाच्या पद्धतीविषयी नाराजी नोंदवली होती, ती आता बाजूला ठेवावी.) हाच नियम निर्बंध समितीतील स्थगितीलाही लावावा, स्थगिती देणाऱ्या राष्ट्राला आमसभेपुढे कारण सांगण्यास पाचारण करावे, असा प्रस्ताव भारताने मांडावा. आमसभेत कोणालाही नकाराधिकार नाही. तेथे आफ्रिकेची ५४ राष्ट्रे आहेत आणि सोमालिया, नायजेरिया, माली यांना दहशतवाद म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. पहिला मसुदा त्यांच्याकडेच न्यावा.