काळजाचा प्रश्न

आग्रह हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. ‘पोट भरलं’ असं म्हणायचा अधिकार आमच्याकडे जेवणाऱ्याला नाही. पोट कधी भरलं हे वाढणारा ठरवतो. माझी थोरली मावशी पंगतीत वाढताना माणसाच्या तोंडाकडे कधी बघतच नसे, फक्त पानाकडे बघे. केळीच्या पानाचा हिरवा रंग जरा कुठे दिसला की तिथे श्रीखंडाचा डाव पालथा झालाच! मावशीनंतर सासूबाई आणि सासूबाईंनंतर त्यांची लेक, अशा तीन कारकिर्दींत माझ्यावर जे संस्कार झाले त्यांची लेखी पोच मला साठीनंतर सोनोग्राफीच्या रिपोर्टात मिळाली. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन.’ डॉक्टर तरुण होते. म्हणाले, “काका, काळजी करू नका. फक्त काळजाची काळजी घ्या.”

लिव्हरला शाळेत यकृत म्हणतात आणि खाटकाच्या दुकानात काळीज. प्रेमभंगात तुटतं तेही काळीज आणि रविवारी पाव किलो तोलून मिळतं तेही काळीज. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी नाताळात आम्ही उभयता मुलीकडे फ्रान्सला, तूलूजला गेलो. शेजारच्या मादामनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. सुरुवातीलाच भाजलेल्या पावावर एक मऊ, गुलाबीसर काप आला. वर खड्या मिठाचे दोन कण, शेजारी अंजिराचा मुरांबा. नाव म्हणे ‘फ्वा ग्रा’. हे नाव मी उच्चारलं तेव्हा मादामनी मला शिंक आली असं समजून रुमाल पुढे केला. चव कशी होती? खोटं कशाला बोलू, फार उत्तम होती. मादामनी दुसरा काप वाढला, मग तिसरा. आग्रह ही काही मराठी माणसाची मक्तेदारी नाही, हे पाहून मला भरून आलं.

घरी येताना जावयांना विचारलं, “ते नेमकं काय होतं हो?”

“बाबा, ‘फ्वा’ म्हणजे लिव्हर आणि ‘ग्रा’ म्हणजे लठ्ठ. बदकाचं.”

“अगंबाई!” आमच्या सौ. म्हणाल्या, “म्हणजे ह्यांना झालंय तेच!”

ते लठ्ठ कसं होतं, हे जावयांनी सांगायला नको होतं आणि मी विचारायला नको होतं. साधारण बारा आठवड्यांचं बदक घ्यायचं. त्याच्या घशात नळी सरकवायची आणि मक्याचा घाटा पंपाने दोन-तीन सेकंदांत थेट आत सोडायचा. दिवसातून दोनदा, सुमारे दोन आठवडे. बदकाऐवजी हंस असला तर वेळा आणि दिवस दोन्ही जास्त. एवढ्यात लिव्हर मूळच्या सहा ते दहा पट फुगतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे बदकाचं लिव्हर किमान तीनशे ग्रॅम भरलं तरच त्याला फ्वा ग्रा म्हणता येतं. दोनशे नव्वद भरलं तर ते बदक नापास. जीव गेला तो गेलाच, वर परीक्षाही बुडाली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मावशी आठवत होती. तिच्या आग्रहाने मी जेरीस आलो हे खरं, पण माझ्यापाशी एक हत्यार होतं. पानावर आडवा हात धरायचा. मावशी त्या हातावरही जिलबी ठेवी, ही गोष्ट वेगळी. पण निदान हात होता. फारच झालं तर पंगतीतून उठता येत होतं. बदकाला पानावर आडवा धरायला हात नाही आणि पंगतीतून उठायची सोय नाही. माझ्या मते ह्या वादातला सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकी सगळी वकिली.

पण ती वकिली फार चविष्ट आहे, म्हणून ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा असा, की लांबच्या प्रवासाआधी रानहंस आपणहून भरपूर खातात आणि त्यांच्या लिव्हरात चरबी साठते. मग माणसाने थोडी मदत केली तर बिघडलं कुठे? पुण्याहून मुंबईला निघताना मीही डब्यात दोन पोळ्या जास्त घेतो. म्हणून कोणी मला स्टेशनवर खांबाला टेकवून नळीने पोळ्या भरवाव्यात असं होत नाही. शिवाय ह्या बदकांना कुठे जायचं आहे? त्यांचा प्रवास फक्त स्वयंपाकघरापर्यंतचा. युरोपियन समुदायाच्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली ह्या प्रकाराचा अभ्यास केला. सध्याच्या पद्धतीचं हे जबरदस्तीचं भरवणं पक्ष्यांच्या हिताला बाधक आहे, असा निष्कर्ष काढला. भरवण्याच्या त्या दोन आठवड्यांत शंभरातली दोन ते चार बदकं मरतात, एरवी अशाच बदकांत हे प्रमाण हजारात दोनच्या आसपास असतं, हेही नोंदवलं. मदतीने इतके मरत असतील तर मदत न केलेली बरी.

दुसरा मुद्दा परंपरेचा. इजिप्तमध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांच्या भिंतींवर हंसांना कोंबून भरवतानाची चित्रं कोरलेली आहेत. फ्रान्सने तर २००६ साली कायद्यातच लिहून ठेवलं की फ्वा ग्रा हा राष्ट्राचा सांस्कृतिक आणि पाककलेचा वारसा आहे, आणि त्याच कलमात त्याची व्याख्या ‘कोंबून भरवून लठ्ठ केलेलं लिव्हर’ अशी केली. म्हणजे कोंबलं नाही तर वारसा बुडाला. परंपरेचं म्हणाल तर आपल्याकडे केशवपनही परंपराच होती. तीही ‘आपली संस्कृती’ म्हणून सांगितली जाई. सांगणाऱ्यांची डोकी मात्र शाबूत असत.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. माझ्या ताटात काय असावं हे सरकारने का सांगावं? शिकागो शहराने २००६ साली हॉटेलांत फ्वा ग्रा विकायला बंदी केली, तेव्हा ह्याच मुद्द्यावर गदारोळ झाला. महापौर रिचर्ड डेली ह्यांनी स्वतःच्याच नगरमंडळाची थट्टा केली. काही हॉटेलवाले सॅलडचे पैसे लावून फ्वा ग्रा ‘फुकट’ देऊ लागले. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर प्रकृतीच्या कारणास्तव परमिट काढून पिणारे सद्‌गृहस्थ ज्यांनी पाहिलेत त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. २००८ साली शिकागोने बंदी उठवली. त्याआधी चार्ली ट्रॉटर नावाच्या तिथल्या नामवंत शेफने फ्वा ग्रा वाढणं आपणहून सोडलं होतं. दुसऱ्या शेफने त्यावरून टीका केली, तर ह्यांनी ‘त्याचंच लिव्हर खावं, पुरेसं लठ्ठ आहे’ अशा अर्थाचा टोला हाणला. हे वाचताना माझा हात नकळत उजव्या बरगडीखाली गेला. पण स्वातंत्र्याचं उत्तर सोपं आहे. ताट तुमचं, हे मान्य. घसा मात्र बदकाचा आहे.

आता चौथा मुद्दा. हा मला घरी परतल्यावर आमच्या सोसायटीतल्या नानासाहेबांनी शिकवला, तोही चुकून.

नानासाहेबांना मी सगळी हकिकत सांगितली. ते एकदम ताठ बसले. “अहो, आपण २०१४ सालीच त्याची आयात बंद केली! जुलैत! जगात असं करणारा पहिला देश आपला! कॅलिफोर्नियात कायदा झाला २००४ साली, लागू झाला २०१२ साली, पुढे कित्येक वर्षं कोर्टकचेऱ्या. आपल्याकडे एक फर्मान निघालं, काम फत्ते. कोणी चकार शब्द काढला नाही!”

“कोण काढणार?” मी म्हटलं. “आपल्या सोसायटीत फ्वा ग्रा कोणी खाल्लंय?”

नानासाहेबांनी मनातल्या मनात तिन्ही इमारती मोजल्या. “तुम्ही,” ते म्हणाले.

मला आमची काकू आठवली. ती दर चातुर्मासात कारलं सोडायची. चार महिने कडकडीत व्रत. कारलं तिला जन्मात आवडलं नव्हतं. आपण देश म्हणून केलं ते हेच. मोठमोठ्या हॉटेलांतले मूठभर लोक सोडले तर जे कोणाच्या ताटात नव्हतं ते आपण वाजतगाजत सोडलं. आणि त्याच सकाळी नानासाहेबांनी दोन अंड्यांचं आम्लेट खाल्लेलं होतं. मीही.

ती अंडी घालणारी कोंबडी कशी राहते? बहुतेक कारखानी पोल्ट्रीत तारेच्या पिंजऱ्यात. तिच्या वाट्याला जागा येते ती फुलस्केप कागदाहून कमी. म्हणजे मी हा लेख ज्या कागदावर लिहितो आहे त्यावर तिने उभं आयुष्य काढायचं, पंख न पसरता. भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली कोंबड्यांच्या ह्या हालांवर एक आख्खा अहवाल दिला. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या धडपडीतून १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. प्राण्याला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती लिहिला आहे? दहा ते पन्नास रुपये. ह्याहून जास्त मला एकदा वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल भरावे लागले होते.

“मग काय,” नानासाहेब विजयी मुद्रेने म्हणाले, “तुमच्या बदकाची बंदी म्हणजे ढोंगच की! आधी कोंबडीचं बघा, मग बदकाचं बोला.”

हाच तो चौथा मुद्दा, आणि माझं खरं भांडण ह्याच्याशी आहे. फ्रान्सपासून शिकागोपर्यंत सगळे शेवटी ह्याच ओट्यावर येऊन बसतात. ‘आधी ते करा’ म्हणणाऱ्याला ‘ते’ही करायचं नसतं आणि ‘हे’ही करायचं नसतं. त्याला आम्लेट संपवायचं असतं. बदकाची बंदी स्वस्तात झाली म्हणून ती चुकीची ठरत नाही. काकूने कारल्याऐवजी बटाटा सोडायला हवा होता हे कबूल, पण त्यासाठी कारलं पुन्हा खायला लागलं पाहिजे असं नाही. उलट, बदकाला हात नाही हे एकदा पटलं, की कोंबडीलाही हात नाही हे दिसायला लागतं. बंदीचा खरा उपयोग हाच, आणि म्हणूनच ती लोकांना नकोशी होते.

ह्यावर नानासाहेब काही बोलले नाहीत. आतून सौ. बोलल्या, “मग उद्यापासून अंडी बंद का?”

वाद घालताना माणूस फार लांब जातो आणि परत यायला त्याच्याकडे तिकीट नसतं, तसं माझं झालं. मी म्हटलं, “बंद नाही. मोकळ्या कोंबडीची आणू. गावठी.”

“ती दुप्पट महाग असतात.”

“मग निम्मी खाऊ.”

गेले सहा महिने आमच्याकडे गावठी अंडी येतात. दुकानदार ‘गावठी, गावठी’ म्हणून शपथ घेतो. मी त्याच्या कोंबड्या पाहिलेल्या नाहीत, तेव्हा ह्या पुण्याईत थोडी भेसळ असणारच. परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “काका, लिव्हर सुधारतंय.” निम्म्या अंड्यांचा तो प्रताप.

मी खुशीत घरी आलो. तर मावशीची नात पेढे घेऊन आली होती, मुलाच्या मुंजीचे. दोन खाल्ले. तिसऱ्याला मी हात आडवा धरला. तिने पेढा त्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. पण मला विचारून ठेवला होता.