बाकावरची माणसं

रेल्वेत ‘लीव्ह रिझर्व्ह’ नावाचा एक प्रकार असतो. कुणीतरी रजेवर जाणार, कुणीतरी आजारी पडणार, कुणाच्या तरी घरी लग्न निघणार हे धरूनच मंजूर पदांत काही जागा वाढवून ठेवलेल्या असतात. स्टेशन मास्तरांमध्ये ‘रेस्ट गिव्हर’ असतो. आज या स्टेशनवर, उद्या त्या. ज्याची सुट्टी त्याच्या खुर्चीत हा बसणार. इगतपुरीत निम्मी घरं रेल्वेवर वाढली, त्यामुळे या शब्दांचं इथे कुणाला नवल नाही.

याच गावातून रविवारी नाशिकला फुटबॉल खेळायला निघणाऱ्या पोरांच्या संघात मात्र असली कुठलीच तरतूद नसते. यादीत सोळा नावं, स्टँडवर तेरा डोकी. एकाला रात्री लॉबीतून कॉल आला, तो मालगाडी घेऊन मनमाडकडे गेला. दुसरा रिसॉर्टमध्ये कामाला; तिथे शनिवार-रविवारची सुट्टी मागणं म्हणजे नोकरीच सोडणं. तिसऱ्याचा फोन लागत नाही. अशा वेळी संघनायक सगळ्यांना एकच गोष्ट विचारतो, “भाऊ, बूट कुणाकडे जादा आहेत का?” कारण चौदावा म्हणून कुणाचा तरी धाकटा भाऊ बसमध्ये चढलेला असतो, चपलेवर.

नियमाने सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो. ही सवलत कागदावर पडून राहत नाही, खालच्या पातळीवर रोज वापरली जाते. टीव्हीवर आपण मोठ्या क्लबांचे बाक बघतो. तिथे बसलेल्यांची एकेकाची किंमत आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाएवढी. आता पाच बदली खेळाडू उतरवता येतात. करोनाच्या काळात, 2020 मध्ये, तात्पुरती म्हणून ही सोय आली आणि 2022 मध्ये कायमची झाली. छोट्या संघाला त्याचं काय? पाच उतरवायचे, पण आणायचे कुठून? त्यापेक्षा नियमावलीतलं दुसरं एक कलम आमच्या कामाचं आहे. हौशी आणि स्थानिक पातळीवर, संघटनेने परवानगी दिली तर, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. दम लागला, बाहेर बसला, पाणी प्यायला, परत आला. तेरा जणांत नव्वद मिनिटं काढायची तर याहून मोठी कृपा नाही.

खरी अडचण किपरची. बचावपटू नसला तर मधल्या फळीतला मागे ओढता येतो. किपर नसला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि शेवटी जो उंच असतो त्याच्या हातात मोजे येतात. त्या मोज्यांकडे एकदा जवळून बघावं. अंगठ्याचा रबर सोललेला, मनगटाचा पट्टा चिकटत नाही म्हणून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. इथला पाऊस असा की जूनमध्ये भिजलेले मोजे सप्टेंबरपर्यंत पूर्ण वाळत नाहीत, आणि त्यांचा वास बसच्या मागच्या सीटपर्यंत येतो. दुसरा किपर तेच मोजे घालणार, कारण संघाकडे जोड एकच.

हा काही आजचा पेच नाही. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये बदली खेळाडूला पहिल्यांदा परवानगी मिळाली 1965 मध्ये, तीही फक्त दुखापतीसाठी. त्या वर्षी 21 ऑगस्टला चार्ल्टनचा कीथ पीकॉक उतरला, तो तिथला पहिला बदली खेळाडू. दुखापत झाली होती किपरला! पीकॉक काही किपर नव्हता, त्यामुळे बचावातला जॉन ह्युई गोलात जाऊन उभा राहिला. सांतोसमध्ये वेळ पडली तेव्हा खुद्द पेलेनेही मोजे चढवले आहेत. दुसऱ्या टोकाला 2014 चा विश्वचषक. कोस्टा रिकाविरुद्ध जादा वेळ संपता संपता हॉलंडने निव्वळ पेनल्टींसाठी टिम क्रुलला उतरवलं, त्याने दोन अडवल्या आणि संघ उपांत्य फेरीत गेला. एवढ्या एका कामासाठी वेगळा माणूस तयार ठेवायला पैसा लागतो, आणि त्याहून जास्त लागतो त्या माणसाचा धीर.

आपल्याकडे तो धीर एके काळी पगारातून यायचा. मुंबईच्या लीगमध्ये मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बँका, एअर इंडिया, महिंद्रा असे कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचे संघ खेळत. साठच्या दशकात तर रेल्वेने संतोष करंडक तीनदा जिंकला. कचेरीच्या संघात अख्खा हंगाम बाकावर काढलेल्या खेळाडूलाही एक तारखेला पगार मिळायचा. उतरायला मिळालं नाही म्हणून त्याची चूल अडत नव्हती. मग 2010 मध्ये महिंद्रा युनायटेडने गाशा गुंडाळला. 2013 मध्ये क्लब परवान्याच्या अटींत बसत नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून बाहेर गेले. व्यावसायिक क्लब हवेत हे मलाही पटतं. पण त्या व्यवहारात नामवंतांना दुसरे क्लब मिळतात आणि संघातल्या अठराव्या माणसाला काहीच मिळत नाही, यावर फारसं कुणी लिहिलं नाही.

कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींच्या मागे आख्खी पेठ असते. एक जायबंदी झाला तर गल्लीत दुसरा तयार, आणि त्याने लहानपणापासून तोच रंग अंगावर घातलेला. तिथल्या लीगमध्ये पोलिसांचाही संघ खेळतो. ऐन सामन्याच्या दिवशी बंदोबस्त लागला तर ते काय करत असतील, हे मला एकदा विचारायचंच आहे. इगतपुरीला पेठ नाही. आमची पोरं बारावी झाली की नाशिकला, नाहीतर घाट उतरून कल्याण-मुंबईला. ज्या रुळांनी गाव वसवलं तेच दर जूनला आमची मधली फळी घेऊन जातात.

कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सदतिसात एक असा चढ, पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. आता राजधानीसारख्या काही गाड्यांना दोन्ही टोकांना इंजिनं असतात, त्यांना बँकर लागत नाहीत, हा भाग वेगळा. पण बँकर शेडमध्ये झाकून ठेवलेला नसतो. तो रोज चढावर असतो, म्हणून वेळेला चालतो. आमचे प्रशिक्षक नेमके इथेच चुकतात. तीन गोलांनी पुढे असतानाही दुसऱ्या किपरला उतरवत नाहीत आणि तीन महिन्यांनी पहिल्याचं बोट मोडलं की याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करतात. सरावाच्या सामन्यात अर्धा वेळ तरी त्याला गोलात उभा करा की! हरलात तर काय, रेशन कार्ड थोडंच जप्त होणार आहे?

दिवाळी झाली की स्पर्धांसाठी वर्गणी निघेल. देणगीदार नेहमीप्रमाणे विचारतील, करंडक किती फुटी हवा? त्यांना सांगावं, शेठ, करंडक राहू द्या. किपरच्या मोज्यांचे दोन जोड द्या आणि नाशिकला जायचं-यायचं भाडं द्या, तेही सोळा जणांचं.