अनुभवाची अट आणि पहिली नोकरी

संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात कुशल माणसे मिळत नाहीत, अशी उद्योजकांची तक्रार असते. आणि त्याच विषयाची पदविका घेतलेले तरुण नोकरीसाठी वणवण करीत असतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्यात, हे वरवर पाहता विचित्र वाटते. परंतु जाहिरातीतील ‘प्रत्यक्ष कामाचा अनुभव आवश्यक’ ही अट वाचली की कोड्याचा उलगडा होतो. नोकरीविना अनुभव नाही आणि अनुभवाविना नोकरी नाही, अशा कात्रीत हा तरुण सापडला आहे.

यात केवळ मालकवर्गाला दोष देऊन भागणार नाही. चालू जाळ्यातील राउटरला किंवा स्विचला दिलेली एक चुकीची आज्ञा बँकेच्या शाखेचा अवघा व्यवहार ठप्प करू शकते. नवख्याच्या हाती यंत्रणा सोपविण्यास मालक कचरतो, तो या भयाने. शिवाय, जे कौशल्य कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च सोसण्यास मालक राजी नसतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1964 सालच्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात दाखवून दिले आहे. शिकलेला माणूस उद्या अधिक वेतनावर दुसरीकडे जाईल, ही धास्ती त्यामागे असते. जाळ्यांचे ज्ञान नेमके याच जातीचे आहे. परिणामी प्रत्येक जण दुसऱ्याने घडविलेला माणूस शोधतो आणि घडविण्याचे काम कोणीच पत्करीत नाही.

मग उमेदवार प्रमाणपत्राकडे वळतो. सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा या क्षेत्राचे प्रवेशद्वार मानली जाते. तिचे शुल्क डॉलरच्या हिशेबाने ठरते आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांत संपते. तालुक्याच्या गावातील कारकुनाच्या कुटुंबाला हा भार लहान नव्हे. मायकेल स्पेन्स यांनी 1973 साली मांडल्याप्रमाणे असे प्रमाणपत्र हा मालकाला दिलेला संकेत असतो. अपात्राला तो मिळविणे जड जाते, तोवरच त्याला मोल असते. प्रश्नसंच घोकून परीक्षा उत्तीर्ण होता येऊ लागली की संकेत फिका पडतो, आणि मालक पुन्हा अनुभवावर बोट ठेवतो. अनुभवाच्या खोट्या दाखल्यांना गिऱ्हाईक मिळते ते येथेच. आणि त्यांचा फटका अखेर प्रामाणिक उमेदवारालाच बसतो.

वस्तुतः प्राथमिक सराव आज पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. ‘पॅकेट ट्रेसर’ आणि ‘जीएनएस-थ्री’ या विनामूल्य प्रणालींच्या साहाय्याने साध्या संगणकावर संपूर्ण जाळे उभारून, बिघडवून, पुन्हा दुरुस्त करता येते. अशा प्रत्येक बिघाडाची लक्षणे, घेतलेल्या चाचण्या आणि सापडलेले कारण यांची नोंदवही उमेदवाराने ठेवली, तर मुलाखतीत ती कोऱ्या प्रमाणपत्राहून अधिक बोलेल. तथापि सैल झालेली केबल, तापलेली यंत्रे, अवेळी गेलेली वीज आणि खिडकीपाशी ताटकळणारे ग्राहक या गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत. त्यासाठी कामाची जागाच हवी.

ही जागा देण्याची तरतूद कायद्यात आहे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांत 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. प्रश्न आहे तो या उमेदवाराला खरे काम देण्याचा. त्याला केवळ कागद हलविण्यास बसविले, तर अट पाळली जाईल, पण माणूस घडणार नाही. महाविद्यालयांनाही हात झटकता येणार नाहीत. प्रवेशापासून परीक्षेपर्यंतचे व्यवहार आता त्यांच्याच आवारातील जाळ्यावर चालतात. त्याच्या देखभालीचे कंत्राट देताना विद्यार्थ्यांना देखरेखीखाली सोबत घेण्याची अट घातली, तर प्रयोगशाळा आयतीच मिळेल. केंद्राने 2023 साली सुधारित भारतनेट योजनेसाठी 1 लाख 39 हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद मंजूर केली. ग्रामपंचायतींपर्यंत नेलेल्या तारा जिवंत ठेवण्यास स्थानिक हात लागणारच. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्चही योजनेचाच भाग मानला पाहिजे.

अनुभव हे सामाजिक भांडवल आहे. त्याचे पीक सर्वांना हवे असेल, तर पेरणीचा खर्चही सर्वांनी वाटून घेतला पाहिजे.