मालाला घड्याळ, माणसाला नाही

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले आणि मुंबईची जकातही गेली. ट्रकचालक कागदांच्या जाचातून सुटला, असा गाजावाजा त्या वेळी झाला. नाके उठले हे खरे; परंतु जाचाने केवळ जागा बदलली.

पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल सक्तीचे आहे. ते तयार करतो व्यापाऱ्याचा किंवा ट्रान्सपोर्ट कंपनीचा कारकून. चालकाच्या हाती बिल्टी, बीजक आणि त्या बिलाचा क्रमांक तेवढा पडतो. मात्र मुदत टळली की रस्त्यावर अडतो तो चालक. कायद्याच्या १२९ व्या कलमान्वये माल आणि वाहन दोन्ही अडकवून ठेवता येतात. नोटिशीस सात दिवस, आदेशास त्यापुढे आणखी सात. वाहन क्रमांकातील एकदोन अंकांच्या चुकीसाठी हे कलम लावू नये, असे परिपत्रक सप्टेंबर २०१८ मध्ये काढावे लागले, यातच सारे आले. दंड व्यापारी वा वाहतूकदार भरील. परंतु खेपेवर मजुरी ठरलेल्या चालकाने केबिनमध्ये काढलेल्या दिवसांचे काय? त्या दिवसांची नोंद कोणत्याच कागदावर नसते.

मालाचा वेळ मात्र सरकार काटेकोर मोजते. पूर्वी शंभर किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळे. १ जानेवारी २०२१ पासून एका दिवसात दोनशे किलोमीटर धरले जातात. चालकाची झोप या हिशेबात कोठेच नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस ठरविला होता. पण पाचांहून कमी कामगार असलेल्या मालकांस तो लागू नव्हता, आणि देशातील बहुसंख्य ट्रक अशाच छोट्या मालकांचे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे.

मालक अनेक, म्हणून कामगारास संरक्षण देता येत नाही, ही सबब महाराष्ट्रात तरी टिकणारी नाही. त्याच ट्रकवर पोती चढविणाऱ्या हमालासाठी या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला आणि मजुरी व लेव्ही मंडळामार्फत वसूल करण्याची वाट घालून दिली. चालकासाठीही तीच वाट धरली पाहिजे. गाडी किती वाजता पोहोचली व किती वाजता सुटली याची नोंद बिल्टीवर व्हावी, खोळंब्याचा दर तीवरच छापावा आणि ज्याच्या कागदाच्या चुकीने गाडी अडली त्याच्याकडून ती रक्कम चालकास मिळावी. वाशी व कळंबोलीच्या ट्रकतळांवर हमालांची संघटना बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनी चार पावले पुढे टाकून केबिनचे दार ठोठावले, तर या मागणीस प्रारंभ होईल.