बाळासमोर आधी आपला मोबाइल ठेवा

आपल्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक चांगला पायंडा पाडला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला, की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेला मोबाइल मुले सोडेनात, म्हणून गावाने हे ठरवले. यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की नियम मोठ्यांनाही लागू होता.

आष्टा परिसरातल्या लहान बाळ असलेल्या घरांनी नेमके हेच उचलावे. ‘बाळाला मोबाइल किती वेळ दाखवू?’ असे पालक विचारतात. त्याचे उत्तर ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. पण ‘बाळासमोर आम्ही किती वेळ मोबाइल बघावा?’ असे सहसा कोणी विचारत नाही.

बाळ हुंकार देते, आई ‘हो का रे?’ म्हणते, बाळ पुन्हा हुंकार देते. बोलणे असेच शिकले जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात काही मातांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळांनी आधी हसून, हातवारे करून आईचे लक्ष वेधायचा प्रयत्न केला आणि दाद मिळेना तेव्हा ती तोंड फिरवून कष्टी झाली. मोबाइलमध्ये गुंतलेला चेहराही बाळाला बराचसा तसाच दिसतो. एखाद्या फोनने काही बिघडत नाही. पण दिवसभरात असे शेकडो हुंकार वाया गेले, तर बाळाचे नुकसान होते.

याचा दोष एकट्या आईच्या माथी मारू नये. दिवसभर घरकाम, गोठा आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईला मोबाइल हाच विसावा असतो. म्हणून बाप, आजी-आजोबा सगळ्यांनीच वाटा उचलावा. बाळाला भरवताना, अंघोळ घालताना आणि झोपवताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जे काम चालले असेल ते बाळाला बोलून सांगा.

मात्र उशिरा बोलण्याचे खापर मोबाइलवर फोडून स्वस्थ बसू नका. नऊ-दहा महिन्यांचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि आधी श्रवणतपासणी करून घ्या. स्वमग्नतेची शंका असली तरी वेळ घालवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करते. पथक कधी येणार, ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.